पावसात कातळाला हात लावायचा नाही

आई तीन आठवड्यांसाठी मावशीकडे नागपूरला गेली आणि मी लॅपटॉप, दोन बॅगा आणि लेकाचा निन्टेन्डो स्विच हा व्हिडिओ गेमचा खोका घेऊन कोथरूडला बाबांकडे राहायला आले. लेक हॉस्टेलवर गेलाय. जाताना खोका माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, यातला झेल्डा खेळ. ब्रेथ ऑफ द वाइल्ड. आजोबांना शेजारी बसव. आणि अडलात तर मला विचारू नका, मी सांगणार नाही." मी तोवर फोनवरच्या पत्त्यांपलीकडे काही खेळले नव्हते.

बाबा शहात्तर वर्षांचे. त्यातली चाळीसेक वर्षं सुट्टीचा प्रत्येक दिवस सह्याद्रीत. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघे बदलले. आता दुपारचा चहा झाला की गॅलरीत उभं राहून सिंहगडाचा टॉवर दिसतो का ते बघायचं, एवढाच डोंगर त्यांच्या वाट्याला उरलाय. ऑगस्टात तर तोही ढगात असतो.

पहिल्या संध्याकाळी सहज म्हणून वही काढली आणि मग रोज लिहीत गेले. हे त्या वहीतलंच.

पहिला दिवस

एका अंधाऱ्या गुहेत लिंक नावाचा मुलगा जागा होतो. शंभर वर्षं झोपला होता, आठवत काहीच नाही. त्याला अंगावर कपडे चढवायला लावायचे, भिंतीवर चढवायचं आणि बाहेर काढायचं. एवढं करायला मला वीस मिनिटं लागली, कारण डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्या अंगठ्याने मान वळवायची हे दोन्ही एकदम जमेना. बाबा पेपर वाचत होते.

गुहेच्या तोंडातून लिंक पळत सुटला, कड्यावर थांबला आणि समोर सगळा मुलूख उघडला. गवताळ पठार, मोडकं देऊळ, त्यामागे काळ्या धुरात वेढलेला किल्ला, उजवीकडे मधोमध चिरलेला डोंगर, लांब एक ज्वालामुखी. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"थांब जरा. पुढे जाऊ नकोस. आधी बघून घे."

पाच मिनिटं आम्ही नुसते बघत होतो. मी अंगठ्याने मान फिरवत होते आणि ते सांगत होते: "डावीकडे. अजून. ती सोंड बघ कुठे उतरते. पाणी कुठेय?" कुठल्याही किल्ल्यावर पोचलं की बाबा आधी टाकं शोधतात. इथेही त्यांनी तेच केलं.

खाली शेकोटीपाशी एक म्हातारा बसलेला. त्याच्याकडे कापडी पंख आहे, तो मिळाल्याशिवाय या पठारावरून उतरता येत नाही; चारही बाजूंनी कडे. "म्हणजे ही माची झाली," बाबा म्हणाले. त्यांच्यापुरतं ठरलं. पुढचे तीन आठवडे या 'ग्रेट प्लॅटो'ला आमच्या घरात माचीच म्हणायचे.

दुसरा दिवस

पंख मिळवण्यासाठी माचीवरची चार देवळं करायची. खेळात त्यांना श्राइन म्हणतात; आत एकेक कोडं असतं. अख्ख्या मुलखात अशी १२० आहेत. माचीवरची दोन थंडीच्या पट्ट्यात. पहिल्यांदा तशीच गेले तर लिंक कुडकुडून मेला. दुसऱ्यांदा मिरच्या घालून मांस शिजवलं, ते खाऊन थोडा वेळ थंडी वाजत नाही. हातात पेटती मशाल धरली तरी चालतं, हे बाबांनी सुचवलं आणि खरंच चाललं. या खेळात आग आगीसारखी वागते आणि पाणी पाण्यासारखं. कुणी आधी सांगायला लागत नाही; जे खऱ्या डोंगरात कळतं ते इथे करून बघायचं.

मग कड्याचा धडा झाला. लिंकच्या डोक्याशेजारी एक हिरवं वर्तुळ असतं. चढताना ते संपत जातं आणि संपलं की हात सुटतात. एका उंच कड्यावरून मी चार वेळा पडले. दर वेळी सरळ वर, जिथून सुरू केलं तिथूनच.

बाबा काठी टेकत उठले, टीव्हीपाशी गेले आणि काचेवर बोट ठेवलं. "हा टप्पा. इथे उभं राहायला जागा आहे, दम खा. मग हा. इथून सरळ जायचं नाही, डावीकडे आडवी मार. त्या खाचेत पाय ठेवायला मिळेल. आणि मग वर."

टप्प्यावर उभं राहिलं की वर्तुळ पुन्हा भरतं, हे मला माहीत नव्हतं. तीन टप्प्यांत वर पोचले. बाबांच्या बोटाचे ठसे टीव्हीच्या काचेवर वाकड्या ओळीत उमटले होते. लहानपणी ते मला तोरण्याला घेऊन गेले होते तेव्हा मी त्यांच्या बुटांकडे बघत चढले होते. वर बघून वाट कशी ठरवतात, ते मला कधी दिसलंच नव्हतं.

रात्री पंख मिळाला. तो म्हातारा या मुलखाचा मेलेला राजा निघाला. माचीच्या टोकावरून उडी मारली तेव्हा बाबा म्हणाले, "कामशेतला तरुण पोरं हेच करतात ना? आमच्या वेळी नव्हतं."

चौथा दिवस

काल ऑफिसचं काम रात्री दहापर्यंत चाललं, खेळ नाही. बाबांनी तीनदा विचारलं.

चिरलेल्या डोंगराच्या खिंडीतून पलीकडे जायचं, काकारिको नावाच्या गावात. वाटेत जंगली घोडा धरला: मागून वाकून जायचं, पाठीवर झेप घ्यायची आणि शांत होईपर्यंत थोपटत राहायचं. दोन पळाले, तिसरा ठिपक्यांचा होता, तो थांबला. तबेल्यात नाव लिहायचं होतं. बाबांनी सांगितलं, 'भीमा'. भीमथडीच्या तट्टांवरून.

तिथून निघालो आणि वादळ आलं. लिंकच्या पाठीवरच्या तलवारीतून ठिणग्या उडायला लागल्या. मी बघत बसले. बाबा ओरडले, "लोखंड टाक! लोखंड टाक खाली!" मला मेनू उघडेपर्यंत वीज पडली होती. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, पठारावर वीज चमकायला लागली की लोखंडी टोकाच्या काठ्या ते लांब फेकून द्यायचे आणि खोलगट जागी उकिडवे बसायचे. "याने बरोबर दाखवलंय."

त्याच रात्री पावसात कडा चढायला घेतला. चार हात वर गेलं की लिंक घसरायचा, पुन्हा चार हात, पुन्हा घसरण.

"पावसात कातळाला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "आडोसा बघ. शेकोटी कर. थांब."

पुढे आलेल्या कातळाखाली लाकडाची मोळी ठेवली, गारगोटीने पेटवली आणि सकाळपर्यंत बसवलं. खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, अख्खा दिवस २४ मिनिटांत संपतो. शेकोटीपाशी बसलं तर सकाळ लगेच होते. सकाळी ऊन होतं.

पाचवा दिवस

रविवार. दुपारपासून बसलो. काकारिकोत इम्पा नावाची आजीबाई सांगते ती गोष्ट अशी: गॅनन नावाच्या संकटाने शंभर वर्षांपूर्वी राज्य बुडवलं. हत्ती, उंट, गरुड आणि सरडा यांच्या आकाराची चार प्रचंड यंत्रं त्याने बळकावली आणि ती चालवणारे चार वीर मारले. राजकन्या झेल्डा एकटी किल्ल्यात त्याला तेव्हापासून थोपवून आहे. चार यंत्रं सोडवायची आणि किल्ल्यावर जायचं. कुठलं आधी, ते आपण ठरवायचं. खरं तर माचीवरून उतरल्या उतरल्या थेट किल्ल्यावर गेलं तरी खेळ अडवत नाही. ही मोकळीक मला फार आवडली. खेळ आपल्याला मोठ्या माणसासारखं वागवतो.

संध्याकाळी बाबांनी एक गोष्ट हेरली. "हे डोंगर असेच टाकलेले नाहीत. प्रत्येकाआड काहीतरी लपवलंय. सोंडेला वळसा घातला की थोडं दिसतं, अजून पुढे गेलं की अजून थोडं. कुणीतरी बसून केलंय हे."

मी लेकाला व्हॉइस मेसेज केला. त्याला राहवलं नाही. त्याने सांगितलं की २०१७ साली, खेळ आला त्याच वर्षी, जपानमधल्या एका परिषदेत बनवणाऱ्यांनीच हे उलगडलं होतं. जमीन त्रिकोणांनी रचायची. मोठे त्रिकोण लांबून दिसावेत म्हणून, मधले मागचं झाकावं म्हणून, छोटे चालण्याला लय यावी म्हणून. त्रिकोण समोर आला की माणूस ठरवतो, वरून जायचं की वळसा घालायचा, आणि दोन्हीकडे त्याला नवं काहीतरी दिसतं. आणखी एक सांगितलं. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योतोचे. मुलखाचा आकार ठरवताना त्यांनी आपल्या शहराचा नकाशा त्यावर ठेवून बघितला, कारण क्योतोत कुठून कुठे जायला किती वेळ लागतो ते त्यांच्या पायांना माहीत होतं.

बाबांनी हे दोनदा ऐकवायला लावलं. मग माझ्याच वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने पुणे काढायला बसले. शनिवारवाडा मधोमध, पर्वती, वेताळ टेकडी, खडकवासला, सिंहगड. "किल्ला शनिवारवाड्यावर धर. मग माची पर्वतीच्या जरा पुढे येईल." जेवायला दहा वाजले.

सातवा आणि आठवा दिवस

हत्तीकडे निघालो. झोरा नावाचे पाण्यात राहणारे लोक, त्यांचं गाव डोंगरात, आणि त्या हत्तीमुळे तिथे पाऊस थांबतच नाही. म्हणजे चढून जायचा प्रश्नच नाही. नदीकाठची वळणावळणाची वाट, दगडांआड विजेचे बाण सोडणारे राक्षस, आणि वर संततधार. बाहेर कोथरूडमध्येही तसाच कोसळत होता. गॅलरीचं दार लावलेलं, तरी कुठला पाऊस कुणाचा ते आवाजावरून कळत नव्हतं. बाबांना ही वाट सगळ्यात जास्त आवडली. "पावसाळ्यात असंच जायचं असतं. वाटेने. मार्गासनीला एसटीतून उतरलं की गुंजवण्यापर्यंत असंच चालायचो आम्ही, पाचजण. डोक्यावर इरली."

गावाच्या चौकात मिफाचा पुतळा आहे. शंभर वर्षांपूर्वी हत्ती चालवणारी, त्यात मेलेली झोरा राजकन्या. झोरा फार जगतात, त्यामुळे लिंकला तेव्हा बघितलेली माणसं अजून तिथेच आहेत. ती त्याला ओळखतात. कुणी प्रेमाने जवळ येतं, कुणी रागाने तोंड फिरवतं, कारण त्यांची मिफा गेली आणि हा परत आला. आणि याला काहीच आठवत नाही. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होते. सांगता सांगता माझा आवाज अडकला.

बाबा पुतळ्याकडे बघत होते. त्यांच्या त्या पाचांतले आता ते आणि एक काका उरलेत. ते काका अमेरिकेत मुलीकडे असतात. बाबा म्हणाले, "याच्या उलट असतं आपलं. सगळं आठवतं, आणि विचारायला गेलं तर कुणी नसतं." मी कंट्रोलर खाली ठेवला आणि खिचडी टाकायला उठले.

दुसऱ्या दिवशी हत्तीसाठी विजेचे वीस बाण गोळा केले. त्या डोंगरमाथ्यावर लायनेल राहतो: अर्धा घोडा, सिंहाचं तोंड. त्याच्या एका फटक्यात लिंक संपतो. लढायचं नाही, झाडाआडून झाडाआड जायचं आणि बुंध्यात रुतलेले बाण उपसायचे. बाबा कुजबुजत सूचना देत होते, जणू त्याला ऐकू जाईल. "आता पाठ फिरली त्याची. जा. जा. बस." विसावा बाण मिळाला तेव्हा माझे तळवे ओले झाले होते.

हत्ती सोडवला. पाऊस थांबला. त्या गावावर ऊन पडलेलं आम्ही पहिल्यांदा बघितलं. पांढऱ्या-निळ्या दगडाचा पूल चमकत होता. मिफाने जाताना लिंकला वर दिला: तो मरेल तेव्हा ती त्याला उठवेल.

दहावा ते सोळावा दिवस

हे भराभर सांगते, कारण घडलंही तसंच. गरुडाचं काम बर्फाच्या बाजूला, सोपं निघालं. ते चालवणाऱ्या रेवालीकडून जागच्या जागी वर उडवणारा वारा मिळाला आणि निम्मे कडे चढायची गरजच संपली. बाबांना हे पटलं नाही. "चढायचं कशाला मग?" त्यामुळे तो वारा मी फार थोडा वापरला.

दक्षिणेला फॅरॉनचं जंगल, कायम पाऊस, ओलं, दाट. बाबांनी त्याला कोकण म्हटलं आणि ड्युरियनच्या फळांना फणस. चार-पाच फणस एकत्र शिजवले की सगळा जीव परत मिळतो आणि वर बराच जादा.

वाळवंटातल्या उंटाच्या पोटात विजेचा जो राक्षस आहे, त्याने मला अकरा वेळा मारलं. ती रात्र मला नकोशी झाली. एकामागून एक ढाली मोडत होत्या. या खेळात प्रत्येक हत्यार वापरून वापरून मोडतं, आणि ते मला शेवटपर्यंत रुचलं नाही. छान तलवार हाताला बसते न बसते तोवर तुकडे. बाबांचं म्हणणं, दोरही झिजतो, बूटही फाटतो. असेल. मला नाही आवडलं. बाराव्या वेळी जिंकले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, बाबा केव्हाच झोपले होते. सकाळी दूध तापवताना त्यांना सांगितलं.

ज्वालामुखीवरचा सरडा राहिला होता, तो दोन संध्याकाळी खाऊन गेला. तिथे लाकडी धनुष्य आपोआप पेट घेतं.

मधे एक संध्याकाळ धुक्याच्या जंगलात गेली. तिथे वाट चुकली की धुकं आपल्याला सुरुवातीला आणून सोडतं. सहा वेळा सोडलं. बाबांनी मशालींकडे बघायला सांगितलं: "ठिणग्या कुठे उडतायत? वारा जिकडे जातोय तिकडे जा." त्या वाऱ्यानेच आम्हाला आत नेलं. आत दगडात रोवलेली एक तलवार होती. लिंकचा जीव हृदयांत मोजतात; ती उपसायला तेरा हृदयं लागतात, आमच्याकडे दहा. ओढता ओढता जीव संपत आला तसा हात सोडला.

अठरावा दिवस

आता किल्ला. मला समोरच्या दारातून जायचं होतं. बाबा ठाम नाही म्हणाले.

"आधी फेरी मारायची. चारी बाजूंनी. आज आत जायचंच नाही."

अख्खी संध्याकाळ भीमावर बसून आम्ही किल्ल्याभोवती फिरलो. समोरच्या बाजूला सहा पायांची यंत्रं फिरतात, लाल ठिपका अंगावर आला की पाठोपाठ झोत येतो. दोनदा पळालो. मागच्या अंगाला मात्र खंदक रुंद, आणि कड्यावरून धबधबे पडतात. बाबांनी मला थांबवलं.

"तो झोरांनी दिलेला अंगरखा. धबधब्यातून वर पोहत जाता येतं म्हणालीस ना?"

फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे सिंहगडावर गेले ते द्रोणागिरीच्या कड्याने, दरवाजा सोडून. बाबांनी मला तो कडा बोटाने दाखवला आहे, मी सहावीत असताना. ते आज काही बोलले नाहीत, मीही नाही. दोघांनाही तेच आठवत होतं.

एकोणिसावा दिवस

मागून गेलो. एक धबधबा, टप्प्यावर दम, दुसरा, मग तिसरा. खालची यंत्रं खालीच राहिली. सात-आठ मिनिटांत आम्ही किल्ल्याच्या वरच्या अंगाला होतो आणि लाल ठिपका फार वेळा अंगावर आला नाही. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. या तीन आठवड्यांत मी त्यांना इतकं आनंदलेलं बघितलं ते तेव्हाच.

गॅनन समोर आला तेव्हा चारही बाजूंच्या डोंगरांवरून हत्ती, गरुड, उंट आणि सरड्याने त्याच्यावर एकदम झोत सोडले आणि त्याचा निम्मा जीव तिथेच गेला. चारही सोडवल्याचं ते फळ. उरलेल्या निम्म्यासाठी मला तीन प्रयत्न लागले. मग मैदानावर तो डुकराच्या रूपात डोंगराएवढा उभा राहिला, झेल्डाने प्रकाशाचं धनुष्य दिलं आणि घोड्यावरून बाण मारायचे होते. खरं सांगायचं तर ही शेवटची लढाई लायनेलपेक्षा सोपी होती. पण झेल्डा समोर उभी राहिली आणि लिंकला विचारते, तुला मी खरंच आठवते का? मी ते वाक्य बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

विसावा दिवस

आई उद्या येणार. चादरी बदलल्या, भाजी आणली.

रात्री पुन्हा सुरू केलं. खेळ संपला की तो आपल्याला शेवटच्या लढाईच्या आधी आणून ठेवतो, सगळा मुलूख तसाच. मी भीमाला चिरलेल्या डोंगराजवळच्या तबेल्यापाशी नेलं आणि कंट्रोलर बाबांच्या हातात दिला. इतके दिवस त्यांनी तो घेतला नव्हता; बोटं वळत नाहीत म्हणायचे.

"मागच्या त्या टेकाडावर जाऊ," ते म्हणाले.

लिंक आधी तबेल्याच्या भिंतीवर जाऊन आदळला. मग तळ्यात. मान आकाशाकडे गेली ती खाली येईना. मी हात पुढे केला तर त्यांनी कोपराने बाजूला सारला. दहा मिनिटांनी लिंक टेकाडाच्या पायथ्याशी उभा होता. बाबांनी वर बघितलं, बराच वेळ. डावीकडून सुरुवात केली. पहिला टप्पा. दम. वर्तुळ भरेपर्यंत थांबले, पूर्ण भरेपर्यंत. दुसऱ्या टप्प्याकडे आडवी मारली आणि तिथे पोचतात तोच आभाळ भरून आलं. पहिले थेंब कातळावर पडले.

वर आता पुरुषभर उंचीच राहिली होती. मी म्हटलं, "बाबा, एवढ्यात जमेल. दोनदा उडी मारली की झालं."

"नाही." त्यांनी लिंकला कपारीत आत सरकवलं, पाठ भिंतीला लावून उभं केलं आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला. "पाऊस जाऊ दे. तोवर चहा टाकतेस का?"